एकच बार

आमच्या दाजींच्या, विन्झेंझच्या, बंदुकीचं अख्ख्या तिरोल प्रांताला कौतुक. अक्रोडाचा दस्ता, त्यावर चांदीत कोरलेला डोंगरी बोकड. तिच्यात एका वेळी एकच गोळी बसायची आणि शिकारीला जाताना दाजी न्यायचेही एकच.

"दाजी, नवरीसारखी नटलीय, पण संसाराला काय उपयोग? माझी काळी कुरूप बघा, पाच गोळ्या पोटात! निदान चार खिशात तरी टाका," त्या सकाळी ते निघताना मी म्हटलं.

"कास्पर, ज्याला दुसरी गोळी लागते ना, त्यानं पहिलीही झाडू नये."

दुपारी कड्याकडून एक बार ऐकू आला. पुढे सगळं शांत.

"पडला बोकड!" म्हणत ताई कलेजीसाठी कांदा चिरायला बसली. शिकाऱ्याच्या टोपीत मानाची हिरवी डहाळी खोवायची असते, ती मी तोडून आणली. रात्री दाजी परतले नाहीत; वरच्या खोपटात मुक्काम केला असेल, म्हणून आम्ही निवांत झोपलो.

तिसऱ्या दिवशी दाजी कपारीत सापडले. पाय मोडलेला, अंग गोठून लाकूड झालेलं, आणि बंदुकीची नळी आभाळाकडे.

आमच्या डोंगरात अडकलेला माणूस मदतीसाठी ओळीनं तीन बार काढतो.



दाजींजवळ एकच होता.