पुसलेल्या ओळी

हेडमास्तरांची फाइल सातव्यांदा आली तेव्हा तिनं हातातला चहा तसाच खाली ठेवला. अंगावर पाल पडावी तसं तिचं झालं.

"आले का?" पलीकडच्या टेबलावरून तात्यानं विचारलं.

"आले."

"काय म्हणतात?"

"तेच. 'पुस्तिका लिहिणाऱ्या बाईंस सविनय. आपल्या साधनानं माझ्या आत्मवृत्ताचं पुस्तक नीट होत नाही. कृपया फाइल उघडून पाहावी. सेवानिवृत्त मुख्याध्यापक.'"

तात्या हसला. ते साधन त्यानंच घडवलेलं. संगणकाच्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा टाइप करायची, की एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारची होऊन बाहेर पडायची. टिपणाचं वेबपान, वेबपानाचं पुस्तक. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. आज्ञा पाठ नसेल तर माणूस पडद्याकडे बघत बसायचा. म्हणून पुस्तिका लागायची, आणि ती लिहायचं काम तिचं. पुस्तिकेच्या तळाशी तिचं नाव आणि मदतीचा पत्ता छापलेला होता, त्यामुळे जगाची रड तिच्याच पदरात पडायची.

"मी दोनदा उत्तर दिलं त्यांना," तात्या म्हणाला. "म्हणे, पुस्तिका लिहिणाऱ्या बाईंनीच पाहावं. अगं, एकदा उघड आणि मोकळी हो."

"उघडलीय मी. तीनशे पानं नुसतं मी, माझं आणि मला. दर पानाला हार घालून घेतलाय स्वतःला. शिसारी येते."

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. कचेरी त्यांच्या ताब्यात. पुस्तिका संध्याकाळच्या आत बाहेर पडायची होती आणि 'रूपांतरात काय हरवतं' हे एकच प्रकरण अडलं होतं.

"'काहीही हरवत नाही' असं लिहून टाक ना," बाई म्हणाल्या. "लोकांना बरं वाटतं."

"पण हरवतं, बाई."

"थोडंसं गं."

"ज्याचं हरवतं त्याचं थोडंसं नसतं."

बाईंनी कपाळाला हात लावला. तिचा हा स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता. पुस्तिकेत 'साधारण' शब्द दिसला तरी तिचं टाळकं सरकायचं. साधारण म्हणजे किती? मोजा आणि लिहा.

"भांडू नका," तात्या म्हणाला. "करूनच दाखवतो. हेडमास्तरांचीच फाइल घेऊ. खाडाखोड भरपूर आहे तिच्यात."

"दुसरी घे," ती म्हणाली.

"का? तीनशे पानं आयती मिळालीत."

त्यानं आज्ञा टाइप केली. पुस्तक तयार झालं, स्वच्छ, चकचकीत. मधलंच एक पान उघडून तो वर्गात धडा वाचावा तसा मोठ्यानं वाचू लागला. "'पत्नीच्या निधनानंतरही मी खचलो नाही. धाकटीनं घर सांभाळलं. मोठी लग्नानंतर परगावी रमली; आईच्या अंत्यदर्शनास तिला येणं जमलं नाही. मी मनात राग धरला नाही.' वा! काय मोठं मन!"

बाई हसल्या. ती हसली नाही.

"आता हेच पुन्हा," तात्या म्हणाला. "एरवी लेखकानं पुसलेला मजकूर आपलं साधन टाकून देतं. पण फाइलमध्ये बदलांची नोंद असली आणि आज्ञेला हा पर्याय जोडला, की पुसलेलंही बाहेर येतं. बघा."

तेच पान पुन्हा आलं. या वेळी मधे चार ओळी जास्त होत्या, त्यांवर आडवी रेघ मारलेली. तात्या त्याच चढ्या आवाजात सुरू झाला आणि दुसऱ्या ओळीपाशी त्याचा आवाज बसला.

"'मोठी आली होती. माझ्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून मी फाटकाची कडी काढली नाही. एकदाच आईचं तोंड पाहू द्या, म्हणत ती तासभर बाहेर उभी होती. मी खिडकीतून पाहत होतो.'"

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.

"उदाहरण म्हणून मात्र चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "नावगाव काढून पुस्तिकेत..."

"नाही!"

ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्या खोलीतून दोघंजण डोकावले.

"बिचारा," तात्या पुटपुटला. "निदान लिहिलं तरी त्यानं."

"लिहिलं आणि पुसलं." तिचे ओठ वाकडे झाले होते. "आणि पुसलेलं कुणीतरी शोधून काढावं म्हणून सात वेळा पाठवलं. सरळ तोंडानं बोलायची हिंमत नाही. खोटारडा परवडला, तात्या."

बाई निघून गेल्या.

तिनं प्रकरण लिहायला घेतलं. पहिलंच वाक्य टाकलं, 'या साधनात मजकूर हरवतो.' पुढे काय काय हरवतं आणि कोणता पर्याय जोडला तर वाचतं, ते एकेक करून मांडलं. चारच्या ठोक्याला पुस्तिका बाईंकडे गेली. बाईंनी एक अक्षरही बदललं नाही.

मग तिनं हेडमास्तरांना उत्तर लिहिलं. 'महोदय, आपली फाइल बिघडलेली नाही. पुस्तक नीट होतं. पुसलेला मजकूर हवा असल्यास सोबतचा पर्याय जोडावा.'

तात्या तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "एवढंच? म्हातारा माणूस आहे गं. एखादी बरी ओळ लिही."

"एक चूक राहिलीय त्यांची. तेवढी सांगते."

तिनं भराभरा टाइप केलं आणि तात्यानं चष्मा डोळ्यांवर चढवेपर्यंत पाठवूनही दिलं.

'पुसलेल्या ओळींत "तासभर" हा शब्द चुकला आहे. अंधार पडेपर्यंत उभी होते मी, बाबा.'