एकोणीस सामने

सामना सुरू व्हायला अर्धा तास होता, आणि वीरचे बाबा कुंपणापाशी उभे राहून कोचला पेढे देत होते.

वीर दहा पावलांवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याला आधी बाबांचा आवाज आला, मग त्याने मान वर केली. राजीव पटवर्धन लग्नाला आल्यासारखे कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. हातात डबा, मागे अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या मराठी मंडळातली दहा-बारा माणसं. क्लब लहान, मैदान त्याहून लहान. खेळाडूंच्या घरच्यांना इथे कोणी अडवत नसे.

"सर, प्लीज टेक टू," बाबा म्हणाले. "टुडे इज ट्वेंटी!"

वीरच्या हातातली नाडी तशीच राहिली.

करारात एक ओळ होती. मोसमात वीस सामने झाले, मग त्यातला एखादा एका मिनिटाचा का असेना, की पुढचं वर्ष आपोआप पक्कं. वीरचे एकोणीस झाले होते आणि हा मोसमातला शेवटचा सामना होता. तो फुटबॉलमधला विंगर, मैदानाच्या कडेने पळत सुटणारा. वय एकोणतीस, सात वर्षांत सहा शहरं. सहावं नेमकं आईबाबांच्या घराजवळचं निघालं. सातवं मिळणार नाही, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

ही ओळ कोचला माहीत नव्हती. तो बिचारा करार कधी बघायचाच नाही. मॅनेजरने पाहिली असेल, पण तो विसरला होता. आज सकाळीच कोच म्हणाला होता, शेवटची वीस मिनिटं तुझी. सगळं सुरळीत चाललं होतं हो! फक्त गेल्या रविवारी जेवताना वीर घरी बोलून गेला होता, करारही दाखवला होता. कोणाला सांगू नका, असंही म्हणाला होता. बाबांनी शब्द पाळला. मंडळात अवाक्षर काढलं नाही, नुसतं 'चला मॅचला' म्हणून सगळ्यांना गोळा केलं. पण कोच काय परका होता? मुलगा पास झाला की पहिला पेढा मास्तरांना, हे त्यांच्या घरात ठरलेलं.

"ट्वेंटी व्हॉट?" शेजारी उभ्या असलेल्या मॅनेजरने विचारलं. त्याच्याही तोंडात पेढा होता.

"बाबा!" वीर उठला.

बाबांनी त्याला हातानेच थांबवलं. मोठी माणसं बोलताहेत ना. मग त्यांनी मॅनेजरला कितव्या पानावरचं कितवं कलम ते सांगितलं. चाळीस वर्षं नोकरीत काढलेला माणूस, कागद कसा वाचायचा हे त्यांना कोणी शिकवायला नको. "सो नेक्स्ट इयर ऑल्सो ही इज युवर बॉय," म्हणाले, आणि हात जोडले.

मॅनेजरने पेढा गिळला. "व्हेरी स्वीट," म्हणाला, आणि ऑफिसकडे गेला.

वीरला असा संताप आला की डबा हिसकावून भिरकावून द्यावासा वाटला. मग त्याने बाबांचा चेहरा पाहिला. एवढे खूश ते त्याच्या पदवीच्या दिवशीही नव्हते. तो मुकाट्याने खाली बसला आणि नाडी बांधली.

सत्तराव्या मिनिटाला त्यांचा संघ दोन गोलांनी पुढे होता. कोचने वीरला उठवलं. वीर कडेने पळून अंग गरम करू लागला. मंडळाने आरडाओरडा करून मैदान डोक्यावर घेतलं. तेवढ्यात मॅनेजर पायऱ्या उतरून आला आणि कोचच्या कानाशी लागला. कोच जमिनीकडे बघत ऐकत राहिला. मग त्याने दुसऱ्या एकाला आत पाठवलं. तो शेवटचा बदल होता.

वीर मात्र पळत राहिला. थांबलं तर काय करायचं, ते त्याला सुचेना.

"अहो, हा बाहेरच का पळतोय?" मंडळातल्या रत्नामावशींनी विचारलं.

सामना संपल्यावर कोच त्याच्याजवळ आला. "सॉरी, मॅन," एवढंच म्हणाला. माणूस वाईट नव्हता.

पार्किंगमध्ये बाबा गाडीला टेकून एकटेच उभे होते. "का रे नाही घेतलं तुला? सकाळी तर कोच म्हणाला होता ना? थांब, मी जाऊन विचारतो त्याला."

खरं काय ते वीरच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"नको, बाबा. मीच नाही म्हटलं. वॉर्मअप करताना पोटरीचा मसल पुल झाला. इट्स नॉट हिज फॉल्ट."

"अरे देवा." बाबांचा चेहरा उतरला. "म्हणजे एकोणीसच."

"एकोणीसच."

"जाऊ दे. ते मरू दे. पाय बघू आधी."

आणि वीर नको नको म्हणेपर्यंत ते त्या डांबरावर, इस्त्रीच्या कपड्यांनिशी, एक हात गाडीच्या दाराला धरून हळूहळू खाली बसले. मुलाची पोटरी त्यांनी दोन्ही हातांत घेतली. येणारे-जाणारे खेळाडू बघत होते.

"कुठे? इथे?"

पाय ठणठणीत होता.

"थोडं खाली," वीर म्हणाला.

बाबांनी अंगठा दाबला. "इथे?"

"हो, बाबा. तिथेच."