शिवाप्पाची फेरी

बंगळूरला, यशवंतपूरच्या गोदामात नवे हमाल रुजू झाले, की सुपरवायझर दामोदर आधी शिवाप्पाला त्यांच्यापुढे चालवून दाखवायचा. "गुडघे न वाकवता पोतं उचललं, की पाठीचं हे असं होतं," तो सांगायचा. कमरेतून मोडलेला शिवाप्पा काठी टेकत फेरी मारायचा. त्या फेरीवरच आता त्याचं घर चालत होतं.

१९५८ सालच्या भरतीत चिक्कोडीकडच्या एका हमालानं विचारलं, "अण्णा, तुम्ही खरंच गुडघे वाकवले नव्हते?"

शिवाप्पानं दामोदरकडे पाहिलं. "नव्हते," तो म्हणाला. "माझीच चूक."



दामोदरनं घाईघाईत छपरापर्यंत रचून घेतलेली पोत्यांची थप्पी अंगावर कोसळून पाठ मोडली होती, तेव्हा शिवाप्पा खाली बसून भाकरी खात होता.