हौसाताईंची पानफुटी

मंगळावरच्या वस्तीत घरोघरी हवा शुद्ध ठेवणारी मांसल पानांची झाडं त्या महिन्यात कुजली आणि लोकांना धाप लागू लागली. वस्तीच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या हौसाताई लोखंडे यांच्या खोलीतली हवा मात्र चांगली राहिली. म्हणून वनस्पतितज्ज्ञ डॉ. परवीन इनामदार स्वतः पाहायला आल्या. खोलीत दिव्याखाली पानफुटीच्या चाळीस कुंड्या होत्या.

"हा वाण आमच्या यादीत नाही," त्या म्हणाल्या.

"तुमच्या यादीतली तीन झाडं माझ्या हातून मेली," हौसाताई म्हणाल्या. "मग साताऱ्याहून आणलेलं एक पान मातीवर ठेवलं. कडेला रोपं फुटली. कमी पाण्यावर जे तगलं, तेच पुढं वाढवलं. अकरा वर्षं झाली."

डॉक्टरांनी श्वास घेतला. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांना छातीभर हवा मिळाली.

"प्रत्येक घराला एक पान द्याल?"

"देईन की. पण पाणी चमच्यानंच घाला. फार माया केली की मुळं कुजतात."

डॉक्टरांनी नोंदवही उघडली. "वाणाचं नाव काय लिहू?"

हौसाताईंनी पदराला हात पुसले आणि ताठ उभ्या राहिल्या.

"हौसा लिहा," त्या म्हणाल्या. "ठळक लिहा."