सगळ्यात खालचं टेबल

हरिप्रसादने समोरचे सगळे पैसे फोनवरच्या टेबलाच्या मधोमध ढकलले आणि फोन हातात धरून तो वाट पाहत बसला. त्याच्याकडे तीन गुलाम जमले होते. आता पाळी 'पोन्नी५५'ची होती आणि पोन्नी विचार करत होता. करू दे. कितीही विचार केला तरी हा गडी शेवटी पैसे टाकतोच, हे हरीला पाठ झालं होतं.

ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातली नोकरी सोडून हरी पोकरवर घर चालवत होता. त्याचा एक नियम होता. टेबलावर बसायला जेवढे पैसे लागतात, त्याच्या तीसपट गाठीला असतील तरच बसायचं. कमी पडले की मुकाट एक पायरी खाली. मित्रांना फोनवर तो हे ऐटीत सांगायचा. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र महिनाभर दहा हजारांच्या टेबलाला चिकटून बसला आणि पार खरवडून निघाला. शेवटी नाक मुठीत धरून पाचशेच्या टेबलावर आला. त्याच्या खाली टेबलच नव्हतं. कॉलेज संपवून पुन्हा बालवाडीत बसावं तसं त्याला वाटलं होतं.

पण तिथे पोन्नी भेटला. त्याला कुठलाच डाव सोडवत नसे. हातात काही नसलं तरी शेवटपर्यंत यायचा आणि हरायचा. हरी रोज दुपारी त्यालाच शोधून काढू लागला. गेलेले पैसे थोडे थोडे परत यायला लागले होते.

वीज गेली. पंखा थांबला आणि घर एकदम चिडीचूप झालं. हरीची आई गंगाबाई त्याच्या गरोदर बायकोला, महालक्ष्मीला, घेऊन तिरुक्करुगावूरला गर्भ राखणाऱ्या देवीच्या दर्शनाला गेली होती. घरात फक्त त्याचे वडील, अप्पा. तिरुभुवनमच्या रेशीम सोसायटीतून हिशेबनीस म्हणून रिटायर झाल्यापासून ते दुपारभर बाहेरच्या ओट्यावर बसून असायचे. कानात वायर घालून फोनवर भजनं ऐकायचे. हरीच्या खेळाला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही की वाईट.

पोन्नीचा वेळ अजून सरत होता. अप्पांना कॉफी हवी का विचारावं म्हणून हरी फोन घेऊनच दारापर्यंत आला. अप्पा पाठमोरे बसले होते. त्यांच्या खांद्यावरून हरीला त्यांच्या फोनचा पडदा दिसला.

हिरवं टेबल. मधोमध पैशांचा ढीग. आणि समोरच्या खुर्चीवर हरीने स्वतःसाठी घेतलेलं नाव.

क्षणभर त्याला वाटलं, आपलाच फोन त्यांच्या हातात आहे. त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. फोन तिथेच होता. अप्पांचा अंगठा पडद्यावर अधांतरी थांबला होता.

"अप्पा, टाकू नका!" हरी ओरडला. "अप्पा!"

त्यांना ऐकू गेलं नाही. अंगठा खाली आला.

दोन्ही फोनवर पत्ते एकदमच उघडले. अप्पांकडे सत्तीची एक जोडी होती, बस. मधला ढीग सरकत सरकत हरीकडे आला आणि त्याच्या हातातला फोन खुशीत थरारला.

"विठ्ठला," अप्पा स्वतःशीच म्हणाले.

हरी त्यांच्या पुढ्यात जाऊन बसला. त्याने त्यांच्या कानातली वायर काढली. त्यातून भजन नाही, नवा डाव सुरू झाल्याची टिणटिण येत होती. त्याने स्वतःचा फोन त्यांच्यासमोर धरला. अप्पांनी तो पाहिला, मग आपला पाहिला, पुन्हा हरीचा पाहिला. त्यांचं तोंड उघडं राहिलं.

"तूच होतास तो?"

"मीच," हरी म्हणाला. ज्याला गाठून गाठून मारलं, ज्याच्या मूर्खपणावर एकटाच हसलो, तो हा. तरी त्याच्या डोक्याने सवयीने हिशेब केला. पाचशेचं टेबल. पोन्नीकडून आजवर घेतलेले सगळे मिळून पंधरा-वीस हजार असतील. आत्ता, या क्षणी परत देता येतील. त्याचा श्वास थोडा सुटला.

"अप्पा, घाबरू नका. जेवढे घेतले तेवढे सगळे तुमचे तुम्हाला देतो. आईला कळायचंही नाही. लहान टेबल आहे म्हणून वाचलो."

अप्पा हळूच, चूक झालेल्या पोरासारखे म्हणाले, "इथं मी मागच्या महिन्यातच आलो, हरी. पहिल्यांदा बसलो तो पन्नास हजारांच्या टेबलावर. तिथून एकेक पायरी उतरत आलोय."