खाली ठेवलेल्या पिशव्या

पप्पा ट्रान्सपोर्टमध्ये आहेत, एवढंच मनाली ऑफिसात सांगायची. त्या रविवारी तिने लॅपटॉपवर कंपनीच्या विनाचालक गाडीच्या चाचणीचा व्हिडिओ लावला, तेव्हा रिक्षा धुऊन आलेले पप्पा मागे उभे राहिले. रस्त्याकडेला दोन बायका बोलत होत्या आणि रस्ता ओलांडतील म्हणून गाडी थांबूनच राहिली होती. पप्पा पोट धरून हसले. "अगं, निरोप घेतायत त्या! अर्धा तास हलत नाहीत. पिशव्या खाली ठेवल्यात बघ. उचलल्या की ब्रेक मार." "गाडीला माणूस दिसतो पप्पा, निरोप नाही दिसत." "मग लायसन कोणी दिलं हिला?" दोघं हसतच सुटली. सोमवारी पहाटे पप्पा झोपेतच गेले. महिन्याने मीटिंगमध्ये तिने पिशव्यांचं सांगितलं. बॉस उडालाच. "कुठे वाचलंस हे?" मनाली हसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझे पप्पा दिंडोशीत रिक्षा चालवायचे."