नव्या कॉम्प्युटरचा मुहूर्त

स्क्रीन पुन्हा काळी झाली आणि मी टेबलावर मूठ आपटली. बँकेतली नोकरी सोडून ॲनिमेशन करायचं, म्हणून सुटे भाग आणून हा कॉम्प्युटर मी स्वतः जोडला होता. तो चालता चालता मधेच बंद पडायचा. रॅम बदलली, विंडोज नव्याने टाकलं, पण फरक शून्य. बाबांना काय विचारणार? नोकरी सोडल्यापासून ते माझ्याशी बोलतच नव्हते.

शेवटी कॅबिनेट उघडून टॉर्च मारला. आतल्या पंख्यात काहीतरी अडकलं होतं. त्यामुळेच पंखा थांबायचा आणि मशीन तापून बंद पडायचं. चिमट्याने ओढलं, तर कुंकवाने लाल झालेले तांदळाचे दाणे निघाले.

मी तणतणत स्वयंपाकघरात गेले. “आई, कॉम्प्युटरची पूजा केलीस ना? वरच्या जाळीतून अक्षता आत पडल्यात!”

“मी कशाला करू?” आई पोळी उलटत म्हणाली. “तुझ्या बाबांनीच केली. तू तो जोडलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी, तू झोपली होतीस तेव्हा, सकाळी आंघोळ करून. तिला सांगू नकोस म्हणाले.”

तळहातावरच्या दाण्यांवर माझी मूठ आपोआप मिटली. बाहेर बाबा पेपर वाचत होते.

“बाबा, दुरुस्त झाला. पुन्हा मुहूर्त करायचाय. कराल? फक्त अक्षता या वेळी टेबलावर वाहा.”

पेपर हलला नाही. मग हळूच खाली आला.

“थांब जरा,” बाबा गडबडीने उठले. “माझी आंघोळ व्हायचीय अजून.”